रकान्यात ‘सुतार’च लिही

रेडी, ता. वेंगुर्ला
२० ऑगस्ट २०२४

चि. बाबू,

काल शिरोड्याच्या बाजारात तुझ्या वाडीतला एकजण भेटला. म्हणाला, ठेकेदाराशी तुझ्या गेलेल्या हाताच्या भरपाईची दोन लाखांवर तडजोड ठरली, कागदही तयार आहे आणि त्यात कामाच्या रकान्यात तुला ‘हेल्पर’ लिहिलंय. खरं का रे हे? तुझ्या आईला अजून सांगितलेलं नाही. आधी तुझ्याकडून ऐकायचंय.

हेल्पर! ज्याच्या बापाच्या हातचे दरवाजे अर्ध्या रेडीत आहेत, तो हेल्पर? आणि तू गप्प बसलास?

ठेकेदार म्हणतो म्हणे, डावा गेला, उजवा तर शाबूत आहे. त्याला सांग, एका हाताने फळीला रंधा मारून दाखव. १९६८ साली ओडिशातल्या जेपूरला थिएटरमध्ये नक्षीकाम करताना एक सुतार पडला. डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. डिसेंबर १९७५ मध्ये निकाल लागला, की सुतारकाम एका हाताने होत नाही, तेव्हा या माणसाची कमाई शंभर टक्के बुडाली. वकिलाला ‘प्रताप नारायण सिंग देव’ एवढं नाव सांग, त्याला पुरे.

आता हिशोब बघ. तुला तीस पूर्ण झालीत. पगार पंधरा हजारांच्या वर कितीही असला तरी कामगार भरपाईचा १९२३ चा कायदा महिना पंधरा हजारच धरतो. त्याचे साठ टक्के म्हणजे नऊ हजार, त्याला तुझ्या वयाचा आकडा २०७.९८ ने गुणायचं. संपूर्ण नुकसान धरलं तर १८ लाख ७१ हजार ८२० रुपये. कायद्याच्या परिशिष्टात गेलेल्या हाताला ६० टक्के लिहिलेत. तेवढंच धरलं तर ११ लाख २३ हजार. मधले साडेसात लाख तुझ्या धंद्यावर अडलेत. तू सुतार असलास तर मागता येतात. हेल्पर झालास की समोरचा म्हणणार, हा एका हाताने वॉचमनगिरी करील. आणि त्याचे दोन लाख तर यातल्या कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातला दाखला वेगळा, त्याची यात गल्लत करू नकोस. तिथले डॉक्टर हात तपासतात, हाताने तू काय करत होतास ते टक्क्यांत येत नाही. चाळीस टक्के भरले की एसटीची सवलत आहे, वेंगुर्ल्याच्या तहसील कचेरीत संजय गांधी निराधारचा अर्ज करता येतो. ते सगळं कर, लाज धरू नकोस. पण तो टक्का ठेकेदाराच्या हाती देऊन भरपाई ठरवू नकोस.

लाजेवरून आठवलं. तुझे आजोबा खाणीवरून यायचे ते पापण्यांपर्यंत लाल होऊन. मी तेव्हा कॉलेजात होतो, मित्रांसमोर मला ते नको वाटायचं. पुढे खोकला लागला. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, काम काय करतात? मीच घाईने म्हटलं, शेती. ते शेजारी बसले होते, काही बोलले नाहीत. टीबीची औषधं चालली आणि त्यातच गेले. नंतर सावंतवाडीला वकिलांकडे कारकुनी करताना त्याच १९२३ च्या कायद्याच्या यादीत सिलिकोसिस वाचला, दगडाच्या धुळीने होणारा. त्यांना तोच होता असं म्हणत नाही. पण धुळीचं काम कागदावर आलंच नाही, तर तपासणार कोण? म्हणून तुझ्या त्या एका रकान्यासाठी माझा जीव खालीवर होतो, बाबू.

मोबाईलमधले तू केलेल्या दारांचे, कपाटांचे फोटो पुसू नकोस. मजुरीच्या चिठ्ठ्या असतील त्या शोध. साइटवरच्या पोरांचे नंबर लिहून ठेव. तू काय काम करायचास हे सांगणारे दोघे मिळाले तरी चालतील.

जास्त बोललो असेन. सही करून बसला असशील तरी घाबरून जाऊ नकोस. हक्क सोडल्याचा करार कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दच ठरतो आणि कामगार भरपाई आयुक्तांकडे न नोंदवलेल्या तडजोडीला तर फारसा जोरच नसतो. दाव्याला अपघातापासून दोन वर्षं असतात, तुझी शिमग्यापासूनची मोज. अपघात गोव्यात झाला म्हणून तिकडेच खेटे घालायला नकोत, आपण राहतो तिथल्या आयुक्तांकडेही दावा करता येतो. मी येईन बरोबर. कागद वाचायचं काम अजून जमतं मला.

तुझी आई सांगत होती, तू रात्री झोपत नाहीस आणि हत्यारांची पेटी माळ्यावर टाकायला लावलीस. राहू दे माळ्यावर, कोणाला विकू मात्र नकोस. चतुर्थी जवळ आली. गणपतीपुढची माटवी दरवर्षी तूच बांधतोस. यंदा मी बांधतो, तू खुर्चीवर बसून माझ्या चुका काढ. भाड्याचे पैसे नसतील तर कंडक्टर आपल्या ओळखीचा आहे, मी इथे देईन. आलास की आधी जेव. कागद मग बघू.

तुझा,
मामा