चित्रफितीचे रूपांतर आणि मूळ प्रतीचे जतन

१. विषयाची आवश्यकता

पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढील काळात भोसरी, तळवडे, चाकण असा कारखान्यांचा पट्टा वाढत गेला आणि त्याबरोबर कामगारवस्तीही वाढली. ह्या भागातील प्राथमिक शाळांत आज मराठवाड्यातील, विदर्भातील, तसेच परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांतील मुले शेजारी शेजारी बसतात. कित्येक मुले वर्षाच्या मध्येच दाखल होतात. ज्याच्या घरची भाषा निराळी आहे, त्याला ‘बीज रुजते’ हे वाक्य समजण्यापूर्वी बीज रुजतानाचे चित्र समजते. म्हणून ह्या शाळांत चित्रफीत ही केवळ करमणूक नसून शिकवण्याचे प्रत्यक्ष साधन होय.

परंतु शाळेतील संगणक एका वयाचे नसतात. एखादा देणगीदाखल आलेला जुना असतो, एखादा नवा. शिक्षकाचा मोबाइल तिसऱ्याच प्रकारचा असतो. मोबाइलवर उत्तम दिसणारी फीत वर्गातील संगणकावर लावली असता आवाज तेवढा येतो आणि पडदा काळा राहतो. खटपटीत तासिका संपते, आणि ज्या मुलासाठी ती फीत आणली होती त्याचाच पाठ बुडतो. हे टाळावयाचे तर चित्रफितीची रचना शिक्षकाने समजून घेतली पाहिजे.

२. संक्षेपाची गरज

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. आडवे १,९२० व उभे १,०८० ठिपके धरले, तर एका चित्रात २०,७३,६०० ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट लागतात, असे मानू. दर सेकंदास २५ चित्रे दाखवावयाची, तर एका सेकंदासाठी १५,५५,२०,००० बाइट, म्हणजे सुमारे १५५ एमबी जागा लागेल. ह्या हिशेबाने संपूर्ण डीव्हीडीत अर्ध्या मिनिटाचेच चित्र मावेल!

म्हणून चित्राचा संक्षेप करतात. लागोपाठच्या दोन चित्रांत बहुतेक भाग सारखाच असतो. फळ्यापुढे शिक्षक हात हलवीत असतील, तर फळा पुन्हा पुन्हा नोंदण्याचे कारण नाही. बदल तेवढा नोंदला की पुरे. डोळ्यास सहज न जाणवणारे बारकावेही गाळले जातात. अशा रीतीने दहा मिनिटांची फीत सुमारे १५० एमबीत बसू शकते. संक्षेप करण्याच्या आणि तो पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीस ‘कोडेक’ म्हणतात. एच. २६४ हे कोडेक २००३ साली प्रमाणित झाले व ते जवळजवळ सर्वत्र चालते. २०१३ साली आलेले एच. २६५ त्याहून कमी जागा घेते. परंतु ते उलगडण्यास संगणकास अधिक श्रम पडतात, आणि पुष्कळ जुन्या संगणकांत त्याची सोयच नसते. अनेक नवे मोबाइल ह्याच पद्धतीने मुद्रण करतात. काळ्या पडद्याचे सामान्य कारण हे होय.

३. पेटी आणि आतील माल

संक्षिप्त केलेले चित्र, ध्वनी आणि त्यांची वेळ जुळवणारी माहिती एकत्र ठेवण्यासाठी एक पेटी लागते. एमपी-फोर, एमकेव्ही, एव्हीआय ही पेट्यांची नावे आहेत. चाकणच्या कारखान्यातून सुटे भाग खोक्यांत भरून रवाना होतात, हे मुलांनी पाहिलेले असते. खोक्यावरील चिठ्ठी बदलली म्हणून आतील भाग बदलत नाही. तद्वत फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरे पुसून तेथे ‘एमपी-फोर’ लिहिल्याने रूपांतर होत नाही. ही चूक फार आढळते.

४. रूपांतराचे दोन प्रकार

पहिला प्रकार पेटी बदलण्याचा. माल तोच, खोके निराळे. ह्यात चित्राची काहीही हानी होत नाही आणि काम थोड्याच वेळात होते. उदाहरणार्थ, ओबीएस ह्या कार्यक्रमाने संगणकाच्या पडद्याचे केलेले मुद्रण पुष्कळदा एमकेव्ही पेटीत असते. त्याच कार्यक्रमातील ‘रीमक्स’ ह्या सोयीने ते एमपी-फोर पेटीत घालता येते.

दुसरा प्रकार संक्षेपाची पद्धतच बदलण्याचा. येथे जुना संक्षेप उलगडून चित्र नव्याने संक्षिप्त करावे लागते. फाउंड्रीत मूळ नमुन्यावरून साचा न घेता, ओतलेल्या वस्तूवरूनच पुन्हा साचा घेतला, तर कडा बोथट होतात. त्या वस्तूवरून आणखी एक घेतला, तर अधिकच बोथट होतात. चित्रफितीचेही तसेच आहे. प्रत्येक नव्या संक्षेपात थोडा तपशील कायमचा जातो. फाइलचा आकार नंतर वाढवला तरी गेलेला तपशील परत येत नाही.

५. कार्यपद्धती

(अ) प्रथम रूपांतर न करता फीत व्हीएलसी ह्या विनामूल्य कार्यक्रमात लावून पाहावी. त्याच्याजवळ बहुतेक कोडेक स्वतःचीच असल्याने पुष्कळ वेळा काम तेथेच भागते.

(आ) न भागल्यास व्हीएलसीच्या ‘टूल्स’ यादीतील ‘कोडेक इन्फर्मेशन’ उघडून आतील कोडेक कोणते ते वाचावे.

(इ) कोडेक एच. २६४ असून केवळ पेटी अडत असेल, तर पेटीच बदलावी. एफएफएमपेग ह्या कार्यक्रमात ‘कॉपी’ अशी आज्ञा देऊन हे करता येते. ती रीत केंद्रातील तंत्रस्नेही शिक्षकाकडून एकदा शिकून घ्यावी.

(ई) कोडेकच अडत असेल, तर हँडब्रेक ह्या विनामूल्य कार्यक्रमाने एमपी-फोर पेटीत एच. २६४ प्रत करावी. हा कार्यक्रम चित्राचा संक्षेप नेहमी नव्याने करतो, हे ध्यानी ठेवावे. जुन्या संगणकासाठी ७२० ओळींचे चित्र पुरेसे होते.

(उ) जुन्या संगणकावर ह्या कामास फितीच्या लांबीहून अधिक वेळ लागू शकतो. म्हणून ते आदल्या दिवशी उरकावे, आणि तयार प्रत वर्गातील त्याच संगणकावर आरंभी, मध्ये व शेवटी चालवून पाहावी.

६. मूळ प्रत

रूपांतरित प्रत चालू लागली की मूळ फाइल पुसून जागा मोकळी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. अशा संग्रहात मूळ फीत जपतात व प्रदर्शनासाठी प्रत वापरतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच अन्यत्र काढलेल्या होत्या, तेच अशा प्रसंगातून वाचतात.

शाळेच्या संग्रहातही पुन्हा न मिळणाऱ्या वस्तू असतात. गावातील वृद्ध स्त्रीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या किंवा आज जेथे कारखाना उभा आहे त्या शेतातील पेरणी पुन्हा मुद्रित करता येणार नाही. म्हणून मूळ फाइल दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी, तिच्या नावात विषय, गाव व वर्ष लिहावे, आणि प्रत्येक नवी प्रत मूळ फाइलवरूनच काढावी. प्रतीवरून प्रत काढू नये.

७. वर्गकार्य व स्वाध्याय

१. वहीच्या वीस पानांच्या कोपऱ्यांत रुजणाऱ्या बीजाची क्रमाने चित्रे काढून पाने भरभर उलटावीत. लागोपाठच्या दोन चित्रांत काय बदलले व काय तसेच राहिले, ते मुलांना सांगावयास लावावे.

२. आडवे १,२८० व उभे ७२० ठिपके असल्यास एका चित्रात एकूण ठिपके किती, हे इयत्ता पाचवीच्या मुलांकडून काढून घ्यावे. (उत्तर : ९,२१,६००)

३. शाळेतील प्रत्येक संगणकावर कोणत्या प्रकारच्या फिती चालतात, ह्याचा तक्ता शिक्षकाने करून संगणकाजवळ लावावा.