मत्स्यपेटीच्या काचेवरील क्षारांचे पुट

रायपूर शहर चुनखडकाच्या प्रदेशात वसले आहे. अशा खडकातून झिरपलेले पाणी दुष्फेन असते. त्यात साबणाला सहज फेस येत नाही. तेलीबांधा तलावाच्या परिसरातील एखाद्या घरी कूपनलिकेच्या अशा पाण्याने मत्स्यपेटी भरल्यास, पाण्याच्या पातळीलगत काचेवर हळूहळू पांढरे, खरबरीत पुट चढते. पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निसटला, की न विरघळणारे कार्बोनेट मागे उरते. ते घासून निघत नाही. सौम्य आम्लात मात्र विरघळते.

प्रथम मासे आणि गाळणीतील स्पंज पेटीतल्याच पाण्यात वेगळे ठेवावेत. स्पंजातील उपयुक्त जिवाणू त्यामुळे जिवंत राहतात. पेटी रिकामी करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके पुटावर अर्धा तास चिकटवून ठेवावे. मऊ झालेला थर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा आणि काच तीन-चार वेळा स्वच्छ धुवावी. साबण वापरू नये. मासे असलेल्या पेटीत व्हिनेगर पडू देऊ नये. पाण्याची आम्लता एकाएकी वाढून मासे दगावू शकतात.

बाष्पीभवनाने पाणी उडते, क्षार मात्र पेटीतच राहतात. घटलेले पाणी दुष्फेन पाण्यानेच भरत गेल्यास क्षारांचे प्रमाण वाढतच जाते. म्हणून पेटीवर झाकण ठेवावे, उडालेल्या पाण्याची भरपाई क्षारमुक्त पाण्याने करावी आणि दर आठवड्याला थोडे पाणी बदलावे. काचेवरील पुट ही केवळ अस्वच्छता नव्हे. मासे ज्या पाण्यात श्वास घेतात, त्या पाण्यातील बदलाची ती सूचना असते.