मेंदूतील इवलीशी पोकळी

वऱ्हाडातील खेड्यांतून अनेक माता पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीसाठी अमरावती-अकोल्यास येतात. अहवालातील 'कॅव्हम सेप्टम पेल्युसिडम' हा शब्द वाचून कुटुंब धास्तावते. वस्तुतः गर्भाच्या मेंदूतील दोन पातळ पडद्यांमधील ही द्रवयुक्त पोकळी होय. बहुतेक बालकांत ती जन्मानंतर ३ ते ६ महिन्यांत मिटते. काही प्रौढांतही ती उरते. केवळ तेवढ्याने तो आजार ठरत नाही. उलट, १८ ते ३७ आठवड्यांच्या गर्भात ती दिसलीच नाही, तर मेंदूचे दोन भाग जोडणाऱ्या सेतूची व डोळ्यांच्या मज्जातंतूंची वाढ तपासावी लागते. म्हणून पालकांना आम्ही विनवितो : अपरिचित शब्दास भिऊ नका, त्याकडे दुर्लक्षही करू नका, डॉक्टरांना निःसंकोच अर्थ विचारा.