एडिटरला आकडे शिकवूया

पनवेलजवळच्या नेरे गावातील शाळेत तुम्ही पर्जन्यमापक बसवला आहे, अशी कल्पना करा. जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांची नोंद तुम्ही संगणकावर मराठीत लिहिलीत, पण आकडे मात्र इंग्रजी पडले. ते हाताने बदलताना एखाद्या ६ चा ९ झाला, तर साऱ्या नोंदीवरचा विश्वास उडेल. मग हे काम संगणकालाच शिकवले तर?

मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या आज्ञावलीला टेक्स्ट एडिटर म्हणतात. ईमॅक्स हा असा एक एडिटर १९७६ साली अमेरिकेत एमआयटी येथे तयार झाला. त्याची १९८५ पासूनची जीएनयू आवृत्ती सर्वांना खुली आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की लिस्प भाषेत लिहून तिला नव्या आज्ञा शिकवता येतात.

संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो. युनिकोड पद्धतीत इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि नवाचा ५७ आहे. मराठी ० चा २४०६, तर ९ चा २४१५. वजाबाकी करून पाहा. दोन्हीकडे फरक २३५८ च येतो! म्हणजे आपले काम निव्वळ बेरजेचे आहे.

लिस्पमध्ये आधी क्रिया आणि मग संख्या लिहितात, सारे कंसात:

(इन्सर्ट (+ ४८ २३५८))

संगणकावर हे रोमन अक्षरांत व इंग्रजी आकड्यांत टंकित करा. शेवटच्या कंसानंतर कंट्रोल दाबून एक्स, मग कंट्रोल दाबून ई दाबा. पडद्यावर ० उमटेल.

पण थांबा! सरसकट बेरीज केली तर? ‘क’ चा क्रमांक २३२५. त्यात २३५८ मिळवले की ४६८३ होतात, आणि ते आहे इथिओपियाच्या लिपीतील एक अक्षर! तुमची नोंद कोणालाच वाचता येणार नाही. म्हणून अट हवी:

(इफ (<= ४८ अ ५७) (+ अ २३५८) अ)

अर्थ असा: ‘अ’ हा क्रमांक ४८ ते ५७ मध्ये असेल तर बेरीज करा, नाहीतर तो तसाच ठेवा. दशांशचिन्हाचा क्रमांक ४६, त्यामुळे १२.५ मधला बिंदू सुरक्षित राहतो. ही कृती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत करवायची आणि डेफन या शब्दाने तिला नाव द्यायचे, की झाली नवी आज्ञा! चुकून दोनदा चालवली तरी बिघाड नाही. कारण बदललेले आकडे आता अटीबाहेर आहेत. तरीही प्रथम नोंदीच्या प्रतीवरच प्रयोग करा.

हे अवघड वाटते? १९७८ साली बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स संगणकप्रणालीसाठी ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिले. ईमॅक्सचे एक निर्माते रिचर्ड स्टॉलमन सांगतात, की ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातील सचिव महिला त्यात आपल्या सोयीच्या आज्ञा लिहायला शिकल्या. त्यांच्या पुस्तिकेत ‘प्रोग्रॅमिंग’ हा शब्दच नव्हता, म्हणून त्या घाबरल्या नाहीत. गरज त्यांची होती, आज्ञाही त्यांच्याच होत्या.

आता तुमची पाळी. मराठी आकडे पुन्हा इंग्रजी करायचे असतील, तर अट कोणती घालाल आणि बेरजेऐवजी काय कराल? आधी कागदावर लिहा, मग संगणकावर पडताळून पाहा.