वाशीमच्या धुऱ्यांवर जीपीएस

वाशीमला भटकायला जायचं म्हटलं की सह्याद्रीत रुळलेल्या ट्रेकरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिथे किल्ला कुठला? किल्ल्यासाठी इकडे येऊच नये. अजिंठ्याच्या रांगांमधून निघालेल्या बुटक्या टेकड्या, पैनगंगा, अडाण, अरुणावतीची खोरी आणि मध्ये लांबच लांब सोयाबीन-तूर, असा हा मुलूख आहे. पण हातातल्या यंत्रावर अक्षांश-रेखांश घालून एखादा दडवलेला डबा शोधत जायचं, म्हणजे जिओकॅशिंग शिकायचं असेल, तर याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. माथ्यावर आभाळ चहूबाजूंनी मोकळं असतं. सह्याद्रीच्या घळीत जे यंत्र चाचपडतं, तेच इथल्या माळावर मिनिटाभरात उपग्रह धरतं.

खेळाचा जन्म अगदी तारखेनिशी सांगता येतो. १ मे २००० च्या मध्यरात्री अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत हुकणारी यंत्रं एकाएकी दहा-वीस मीटरवर आली. ३ मे रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमधल्या रानात एक बादली ठेवली, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले आणि शोधणाऱ्यासाठी आत वही ठेवली. नियम आजही तोच आहे: सापडलं की वहीत नाव लिहा, एखादी वस्तू घेतली तर दुसरी ठेवा, डबा होता तिथे परत ठेवा.

सुरुवातीला लोक माहितीचे कागद छापून नेत. मग जीपीएस पोटात असलेले हातसंगणक आले. २००३ साली बाजारात आलेला गार्मिनचा आयक्यू ३६०० हा त्यातला नावाजलेला. नकाशा, खुणा आणि डब्याचं वर्णन सगळं एकाच पडद्यावर दिसू लागलं. असं जुनं यंत्र घरात पडून असेल तर ते भंगारात काढू नका. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १,०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. असं शेवटचं ६ एप्रिल २०१९ रोजी घडलं, त्यामुळे जुन्या यंत्रात तारीख वीस वर्षं मागची दिसू शकते. स्थान मात्र बहुधा बरोबर येतं. आज हेच काम मोबाइल करतो. दोन वर्षांपूर्वीचा, पडद्याला तडा गेलेला मोबाइल या कामाला ठेवावा आणि रोजचा फोन खिशात राखीव ठेवावा, असं माझं मत आहे.

खरी तयारी घरी होते. सी-जिओ हे अॅप डबे शोधण्यासाठी चांगलं आहे. ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्समध्ये महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून घ्या. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, पण नकाशाला लागतं, आणि मानोरा तालुक्यातल्या टेकडीआड रेंज मिळेलच असं नाही. ज्या खुणा शोधायच्या त्या जीपीएक्स फाइलमध्ये भरून घ्या. रानात पोचल्यावर रेंज नसेल तर फोन पहिल्यांदा उपग्रह धरायला वेळ घेतो. तो हातात उघडा धरून दोन-चार मिनिटं एका जागी उभं राहा, चालत सुटू नका. होकायंत्राचा बाण भरकटत असेल तर हवेत इंग्रजी आठच्या आकारात फोन फिरवा आणि चुंबकाचं कव्हर काढून ठेवा.

आता आकड्यांची गोष्ट, कारण बहुतेक चुका इथेच होतात. वाशीम शहराचा अक्षांश दशांशात लिहिला तर सुमारे २०.१० अंश येतो. तोच अंश-मिनिटांत २० अंश ६ मिनिटं. एखाद्याने २०.१० वाचून यंत्रात २० अंश १० मिनिटं भरले तर बाण त्याला उत्तरेला सात किलोमीटरहून जास्त लांब नेईल. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश-मिनिटं लिहिण्याची रीत आहे. त्यात मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर, म्हणून तिसरा दशांशही गाळू नका. सर्वेक्षण विभागाचा जुना टोपोशीट वापरणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. तो एव्हरेस्टच्या मापनावर बेतलेला असतो आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. यंत्रात योग्य मापन निवडलं नाही तर खूण शंभर मीटरहून जास्त सरकते. एवढ्या अंतरात एक अख्खं वावर मावतं.

पहिला सराव वाशीम गावातच करावा. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेलं वत्सगुल्म ते हेच. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात लंकेपासून मेरूपर्यंतच्या मध्यरेषेवरची गावं दिली आहेत. त्यात उज्जयिनी, कुरुक्षेत्र यांच्या जोडीने वत्सगुल्म येतं. गावातलं मध्यमेश्वराचं देऊळ या रेषेवर आहे अशी श्रद्धा आहे. तिथे बाहेर मोकळ्यावर उभं राहून रेखांश वाचा. सुमारे ७७ अंश ८ मिनिटं दिसेल. उज्जैनचा आहे सुमारे ७५ अंश ४६ मिनिटं. या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे जवळजवळ १०४ किलोमीटर, म्हणजे दोन्ही गावांच्या रेषांमध्ये १४० किलोमीटरचं अंतर पडतं.

हे वाचून जुन्यांना कमी लेखू नका. रेखांश मोजणं म्हणजे वेळ मोजणं. दोन गावांत एकच चंद्रग्रहण स्थानिक वेळेनुसार केव्हा दिसलं यावरून तो काढत. अंशाला चार मिनिटं, म्हणजे ही सगळी तफावत साडेपाच मिनिटांच्या वेळेएवढी. घटिकापात्रावर चाललेल्या मोजणीत ती फार नाही. तुमच्या हातातलं यंत्रही घड्याळावरच चालतं. २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या किमान चार उपग्रहांचे संदेश किती वेळाने पोचले त्यावरून ते जागा काढतं. एका सेकंदाच्या दशलक्षाव्या भागाची चूक झाली तर तीनशे मीटरचा फरक पडतो. जीपीएस शिकवताना मी हे इथे उभं राहून सांगतो, तेव्हा मुलांना ते पटकन कळतं.

तिथून बालाजीच्या देवळाकडे जा. दगडी भिंतीला लागून उभं राहिलात तर पडद्यावरचा ठिपका उड्या मारू लागतो, कारण संदेश भिंतीवर आपटून उशिरा पोचतात. वीस पावलं मोकळ्यात या, ठिपका स्थिरावेल. वडाच्या दाट सावलीतही असंच होतं. म्हणून शेवटच्या दहा मीटरांत बाणाकडे पाहणं सोडून द्या. फोन खिशात ठेवा आणि डोळे उघडे ठेवा: पोकळ खोड, मैलाच्या दगडामागची फट, उगाच एकावर एक रचलेले दगड.

रानात उतरायचं तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ घ्या. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की पाऊल उचलणं जड जातं, आणि मे महिन्यात फोन तापून बंद पडतो. बाण सरळ रेषेत दाखवतो, तुम्ही मात्र पांदणीने आणि धुऱ्याने चाला. उभ्या तुरीतून वाट काढली तर शेंगा झडतात, ते नुकसान कुणाच्या तरी घरचं असतं. रोही आणि रानडुकरांसाठी शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात. ती तार गवतात दिसत नाही. धुऱ्यावर तार दिसली की हात लावू नका, शेतमालकाला हाक मारा. कठडा नसलेल्या विहिरीही असतात. पडद्याकडे बघत चालणाऱ्याला त्यांचा सर्वात मोठा धोका. “दादा, इकडून जाऊ का?” एवढं विचारलं की वाट तर मिळतेच, बहुतेक वेळा पाणीही मिळतं.

कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळविटं बघायला जरूर जा, पण वनविभागाच्या परवानगीने आणि वाटेवरूनच. तिथे डबा लपवायचा नाही. काटेपूर्णा अभयारण्यालाही हेच लागू. शिरपूरची जैन मंदिरं, कारंज्याचं गुरुमंदिर, पोहरादेवी इथे गर्दी असते. बेवारस डब्याने घबराट उडेल आणि पोलीस येतील, ते योग्यच आहे. अशा ठिकाणी डब्याऐवजी प्रश्न ठेवा: पायऱ्या किती, शिलालेख कोणत्या बाजूला. उत्तर घेऊन येणाऱ्याने शोध पूर्ण केला असं धरा. आणखी एक गोष्ट: उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवानगीशिवाय आपल्या देशात बाळगता येत नाहीत. परदेशातून येणाऱ्या मित्राला हे आधीच कळवा.

आपल्या गटासाठी डबा ठेवायचा असेल तर एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक जागेत, त्याच्या होकाराने ठेवा आणि पोलीस पाटलांच्या कानावर घाला. डबा पारदर्शक, घट्ट झाकणाचा घ्या. वर मराठीत ठळक लिहा की हा खेळाचा डबा आहे, आणि संपर्काचा नंबर द्या. आत वही, पेन्सिल, मुलांसाठी गोट्या किंवा शिक्के. खाऊ नको, मुंग्या आणि उंदीर पहिल्याच रात्री येतात. जमीन खोदायची नाही. जागेची नोंद एकदाच घेऊन भागत नाही. तासाभराच्या अंतराने तीन-चार वेळा घ्या, शक्य तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि सरासरी काढा. मृगाच्या आधी डबा घरी आणा, वही वाळवा, आणि दिवाळीनंतर ठेवायला जाताना मालकाला पुन्हा विचारा, कारण मधल्या हंगामात त्याने ती पड नांगरलेली असू शकते.