अडगळ काढण्याचा हिशेब

जड वस्तू न्यायला जास्त पैसे पडतात आणि हलकी वस्तू न्यायला कमी, असे आपण सहज धरून चालतो. गेल्या मे महिन्यात पुण्यातील आमचे तिसऱ्या मजल्यावरचे बिऱ्हाड हलवताना मात्र अगदी उलटा अनुभव आला. नको झालेल्या वस्तू चार होत्या : ८० किलोग्रॅमचे एक लोखंडी कपाट, एक मोडका सोफा, फोमची एक गादी आणि न्हाणीघराच्या दुरुस्तीतून निघालेला, तीस पोत्यांत भरलेला राडारोडा. भंगारवाल्याने कपाटाचे २५ रुपये किलोप्रमाणे २००० रुपये धरले, दोन हमालांचे ६०० वजा केले आणि १४०० रुपये माझ्या हातावर ठेवले. अवघ्या १४ किलोग्रॅमची गादी आणि सोफा नेण्यासाठी मात्र टेम्पोवाला माझ्याकडेच १५०० रुपये मागू लागला. राडारोड्याची खेप आणखी वेगळी. नववीतील माझ्या मुलाने विचारले, "बाबा, जड वस्तूचे पैसे मिळतात आणि हलकीचे द्यावे लागतात, हे कसे?"

प्रश्न चांगला होता. चला, आपण हिशेब मांडू.

प्रथम हमालांचे ६०० रुपये घ्या. कपाट तिसऱ्या मजल्यावरून खाली, म्हणजे सुमारे ९ मीटर उतरवायचे आहे. स्थितिज ऊर्जेतील बदल ८० × ९.८ × ९, म्हणजे जवळजवळ ७००० ज्यूल. विजेचे एक युनिट ३६ लाख ज्यूलचे असते. तेव्हा ही ऊर्जा वीजमंडळाच्या दराने दोन पैशांचीही होत नाही! शिवाय कपाट खाली येत असल्यामुळे हे कार्य गुरुत्वाकर्षणच करते. हमालांना रिकाम्या हातांनी वर चढावे लागते हे खरे, पण दोघांचे मिळून १२० किलोग्रॅम ९ मीटर चढवण्यास साधारण साडेदहा हजार ज्यूल लागतात. स्नायूंची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर ४२ हजार. एका पोळीतून शरीराला सुमारे ४ लाख ज्यूल मिळतात. म्हणजे दोघांत मिळून पोळीचा एक घास!

मग ६०० रुपये कशाचे? येथे पाठ्यपुस्तकातील 'कार्य' आणि माणसाचे कष्ट यांची फारकत होते. जिन्याच्या वळणावर कपाट अडकते, तेव्हा ते मिनिटभर नुसते पेलून धरावे लागते. विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. स्नायूंतील तंतू मात्र त्या वेळी सतत आकुंचन पावत असतात, ऊर्जा वापरत असतात, आणि हात थरथरू लागतात.

आणखी एक गोष्ट पाहा. जिना पाच फूट पुढे जाताना तीन फूट उतरतो असे समजा. २ मीटर उंचीचे आणि अर्धा मीटर जाडीचे कपाट जिन्याच्या उताराला समांतर आडवे धरले आहे आणि दोघांनी त्याची खालची बाजू दोन टोकांना पेलली आहे. कपाटाचा गुरुत्वमध्य या खालच्या बाजूच्या पाव मीटर वर असतो. कपाट तिरपे होताच तो खालच्या माणसाकडे सरकतो. परिबलांचे समीकरण मांडले तर खालच्या माणसाच्या वाट्याला ४६ आणि वरच्याच्या वाट्याला ३४ किलोग्रॅम भार येतो. (हे गणित वहीत करून पाहा. शिक्षकांनी फळ्यावर आकृती काढून दिल्यास उत्तम.) वरच्याचा हात सुटला तर सगळे कपाट खालच्याच्या अंगावर येणार. हमाल पैसे घेतो ते या जोखमीचे, कौशल्याचे आणि मोडलेल्या दिवसाचे. ज्यूल मोजून त्याच्याशी घासाघीस करणाऱ्यांनी एकदा खालचे टोक धरून पाहावे.

आता टेम्पोकडे वळू. शहरात 'छोटा हत्ती' म्हणून ओळखला जाणारा टेम्पो डोळ्यांपुढे आणा. त्याचा हौदा साधारण २ मीटर लांब व दीड मीटर रुंद. दीड मीटर उंचीपर्यंत सामान रचले तर ४.५ घनमीटर जागा मिळते. वजन मात्र सुमारे ७५० किलोग्रॅमपर्यंतच न्यावे. या दोन आकड्यांचा भागाकार केला की एक महत्त्वाची संख्या हाती येते : दर घनमीटरला सुमारे १६७ किलोग्रॅम. तिला आपण टेम्पोची 'सीमाघनता' म्हणू. (हा शब्द माझा, पुस्तकात शोधू नका.) ज्या सामानाची घनता हिच्याहून कमी, त्याने टेम्पो जागेने भरतो. ज्याची जास्त, त्याने तो वजनाने भरतो.

आमची गादी २ मीटर लांब, दीड मीटर रुंद, १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे ०.४५ घनमीटर. घनता घनमीटरला जेमतेम ३० किलोग्रॅम. सोफ्याने सव्वा घनमीटरच्या आसपास जागा घेतली, वजन ४० किलोग्रॅम. दोघांनी मिळून टेम्पोच्या वजनक्षमतेचा चौदावा भाग वापरला, पण जागा मात्र एक-तृतीयांशाहून अधिक अडवली! राडारोड्याचे याच्या अगदी उलट. त्याची घनता घनमीटरला १२५० किलोग्रॅम धरली तर ७५० किलोग्रॅमचा थर हौद्यात जेमतेम वीतभर उंचीचा होतो. बघणाऱ्याला टेम्पो रिकामा वाटतो, चाकांना तो भरलेला असतो. वरच्या रिकाम्या जागेत आमची गादी ठेवू, असे मी म्हणालो. दोन वस्तू दोन वेगळ्या ठिकाणी जाणार असल्याने ते जमले नाही.

खेपेच्या १५०० रुपयांत इंधन किती? जाऊन-येऊन ३० किलोमीटरला दोन लिटर डिझेल धरले तरी २०० रुपयांच्या आत. उरलेले पैसे चालकाचा अर्धा दिवस, भरण्या-उतरवण्यातील खोळंबा, गाडीचा हप्ता आणि दुरुस्ती यांचे. अर्धा टेम्पो भरला म्हणून यातले काहीच निम्मे होत नाही. म्हणूनच चार बिऱ्हाडांनी एका दिवशी अडगळ काढून एकच टेम्पो भरला तर घनमीटरला ३३३ रुपये पडतात आणि गादीच्या वाट्याला अवघे १५०.

मग कपाटाचे पैसे उलट का मिळाले? तेही जागा अडवतेच. उंची २ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, जाडी अर्धा मीटर, म्हणजे ०.९ घनमीटर. पण पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलोग्रॅम असते. ८० भागिले ७८५० करा. उत्तर येते सुमारे १० लिटर. एवढ्या मोठ्या कपाटात पोलाद आहे फक्त बादलीभर! बाकी सारी हवा. भंगारवाला छिन्नी-हातोड्याने पत्रे सुटे करून एकावर एक रचतो, म्हणजे ही हवा येथेच सोडून देतो. पुढे तो पत्रा भट्टीत वितळतो. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत अशा भंगारापासून बांधकामाच्या सळया बनतात. खनिजातून लोखंड काढण्याची ऊर्जा एकदा खर्चून झालेली असते. त्या बचतीतला एक वाटा म्हणजे माझे १४०० रुपये. ॲल्युमिनियममध्ये तर ही बचत ९५ टक्क्यांच्या घरात जाते, म्हणून जुन्या पातेल्याला भाव चांगला.

सोफ्यातही लाकूड, खिळे, स्प्रिंगा, फोम आणि रेक्झिन आहेत, पण एकमेकांत गुंतलेले. साखरेत वाळू मिसळायला क्षण पुरतो, वेगळी करायला दुपार जाते. वेगळे करण्याची मजुरी मालाच्या किमतीहून जास्त झाली की वस्तूची किंमत ऋण होते. शहरात हे वेगळे करण्याचे काम वर्षानुवर्षे कचरावेचक करीत आले. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली, तोवर या श्रमाकडे कोणी श्रम म्हणून फारसे पाहतही नव्हते. पूर्वीच्या कापसाच्या गादीत हा घोटाळा नव्हता. पिंजारी कापूस पिंजून देई आणि तीच गादी पुन्हा भरली जाई.

आता मला जे सांगताना संकोच वाटतो ते सांगतो. दुसरा एक टेम्पोवाला गादी आणि सोफा ७०० रुपयांत न्यायला तयार झाला. १५०० चा हिशेब मला कळत असूनही, हा ७०० मध्ये कसा नेतो हे मी विचारले नाही. जुलैत जोराचा पाऊस झाला. जवळच्या ओढ्यावरील मोरी तुंबली आणि पाणी कडेच्या बैठ्या घरांत शिरले. दुसऱ्या दिवशी मोरीच्या तोंडाशी निळ्या पट्ट्यांची आमची गादी मी ओळखली.

फोमच्या ४५० लिटर आकारमानात प्रत्यक्ष पदार्थ जेमतेम १२ लिटरचा. बाकीच्या पोकळीत पाणी शिरू शकते. पूर्ण भिजलेली गादी ४५० किलोग्रॅमची होते. पाण्यात असेपर्यंत तिचे वजन जाणवत नाही, कारण उत्प्लावक बल ते जवळजवळ सगळे तोलून धरते. पाण्याबाहेर ओढताना मात्र ते क्षणोक्षणी वाढू लागते. तीन माणसांना दोर लावूनही ती निघेना, म्हणून जेसीबी आणावा लागला. बैठ्या घरांतून सायंकाळपर्यंत भिजलेले धान्य बाहेर काढणे चालू होते.

तुम्ही घरी भांडी घासण्याचा कोरडा स्पंज स्वयंपाकघरातील काट्यावर तोला. नंतर तो पाण्यात पूर्ण दाबून, न पिळता पुन्हा तोला. दोन्ही वजनांचे गुणोत्तर काढा, आणि त्यावरून स्पंजमध्ये पोकळी किती टक्के आहे ते वर्गात मोजून पाहा.