प्लेग, पिसू आणि प्रयोगाची पद्धत

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागातील गाठीच्या तापाचे रुग्ण पाहून डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग प्लेग असल्याचे ओळखले. प्लेगचे जंतू त्यापूर्वी दोनच वर्षे आधी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे येरसिन यांनी शोधून काढले होते. जंतू ठाऊक होता; तो एका घरातून दुसऱ्या घरात कसा पोहोचतो, हे मात्र निश्चित झालेले नव्हते. तरीही उपाय मोठ्या निर्धाराने योजण्यात आले. घरे जंतुनाशकांनी धुण्यात आली, सामानसुमान जाळण्यात आले, रुग्णांना आप्तांपासून दूर नेण्यात आले. १८९७ मध्ये पुण्यात या सक्तीमुळे लोकक्षोभ कोणत्या थराला गेला, हे सर्वश्रुतच आहे. रोग घाणीतून व दूषित हवेतून फैलावतो, असे पुष्कळांनी गृहीत धरले होते. हे गृहीत तपासून पाहण्याची निकड फार थोड्यांना वाटली.

फ्रेंच वैद्य पॉल-लुई सिमाँ हे त्या थोड्यांपैकी एक होते. काही रुग्णांच्या अंगावर, विशेषतः पायांवर, कीटकदंशासारखे लहान फोड असतात, हे त्यांच्या नजरेस आले. उंदरावरील पिसवा रोग वाहून नेत असाव्यात, असा तर्क त्यांनी केला आणि जून १८९८ मध्ये कराची येथे तो पारखून पाहिला. काचेच्या मोठ्या बरणीत पिसवा असलेला रोगी उंदीर ठेवला. त्याचा स्पर्श होणार नाही, पण पिसवा पोहोचतील, अशा बेताने निरोगी उंदराचा जाळीचा पिंजरा आत टांगला. निरोगी उंदीर काही दिवसांतच प्लेगने मेला. पिसवा नसताना मात्र रोगाचा संसर्ग होत नसे. मोजक्या प्रयोगांवरून काढलेला हा निष्कर्ष तत्कालीन तज्ज्ञांनी मानला नाही. शंका घेण्यात काही गैर नव्हते; प्रयोग पुन्हा करून पाहण्यास वर्षे लागली, हे मात्र गैर झाले.

ते काम १९०५ पासून मुंबईत परळ येथे, म्हणजे आजची हाफकिन संस्था जेथे आहे तेथील प्रयोगशाळेत, प्लेग संशोधन आयोगाने केले. पिसवांनी भरलेल्या जागेत गिनिपिगांचे पिंजरे टांगण्यात आले. एक जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. पिसूची उडी काही इंचांपलीकडे जात नाही. खालच्या प्राण्याला प्लेग झाला, वरचा सुरक्षित राहिला. दोन्ही पिंजऱ्यांतील हवा एकच होती. हवा दोषी असती, तर दोन्ही प्राणी दगावावयास हवे होते. जेथे पिंजऱ्याभोवती चिकट कागद पसरून पिसवांची वाट अडविली, तेथेही हाच अनुभव आला. एकच गोष्ट बदलावयाची, बाकी सर्व सारखे ठेवावयाचे आणि आपला तर्क खोटा ठरू शकेल अशीच परीक्षा घ्यावयाची, एवढी ही पद्धत साधी आहे.

तिला प्रयोगशाळा लागतेच असे नाही. गावात जुलाबाची साथ आली की 'पाणी बाधले' असे म्हणून सर्व विहिरींत सारखीच पावडर टाकली जाते. त्याऐवजी आजारी घरे कोणते पाणी पितात, हे प्रथम लिहून काढावे. आणि त्याच आळीतील आजार नसलेली घरे कोणते पितात, हेही लिहावे. ही दुसरी यादी बहुधा कोणी करीत नाही. वस्तुतः तुलना तिच्यावाचून होतच नाही. तसेच नोंदवहीत 'टीसीएल पावडर टाकली' एवढी नोंद असणे म्हणजे पाणी शुद्ध झाले असे नव्हे, कारण उघडी किंवा दमट जागी ठेवलेली पावडर आपला क्लोरिन गमावून बसते. जलसुरक्षकाने ओ.टी. चाचणी टाकीजवळ घ्यावीच, परंतु नळयोजनेच्या अगदी शेवटच्या नळावरही घ्यावी. टाकीजवळचे पाणी पिवळे झाले आणि शेवटच्या नळाचे झाले नाही, तर दोष वाटेतील जलवाहिनीत शोधावा लागेल. पावडरीचे आणखी एक पोते मागवून तो सापडणार नाही.